गौरादेवींचं माहेर

आमच्या गावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडाची सहा झाडं होती. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा वरातीच्या जीपमध्ये डोळे मिटत होते, उन्हानं जीव नकोसा झाला होता, आणि या वडांखाली आल्यावर जरा बरं वाटलं, एवढं मला आजही आठवतं. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी त्यातली चार झाडं तोडली गेली. करवतीच्या यंत्राचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. मी पोळ्या लाटत होते. मनात आलं, कुणीतरी गेलं असेल अडवायला. दुपारी शेजारच्या वहिनींना विचारलं तर त्यांनाही तसंच वाटलं होतं, की मी गेले असेन. मी महिला मंडळाची, समाजकार्य करणारी, सगळ्यांच्या अर्जांवर सह्या घेत फिरणारी! त्या दिवशी मात्र पोळ्या संपेपर्यंत झाडंही संपली होती.

पुढं ज्येष्ठात वटपौर्णिमेला आम्ही बाजारातून वडाच्या फांद्या विकत आणल्या आणि कुंडीत रोवून त्यांना सूत गुंडाळलं. त्या दिवशी मला रैणी गावच्या गौरादेवींची फार आठवण आली. मैत्रिणींनो, आज त्यांच्याबद्दलच सांगणार आहे.

चिपको आंदोलन आपण सगळ्यांनी शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं. चिपको म्हटलं की सुंदरलाल बहुगुणा, असं उत्तर लिहायचं. बहुगुणाजींचं काम मोठंच, त्याबद्दल वाद नाही. पण हिमालयातल्या ज्या एका दिवसामुळे हे आंदोलन जगभर पोचलं, त्या दिवशी तिथं एकही पुढारी नव्हता. गावातला एकही कर्ता पुरुष नव्हता. होत्या त्या सत्तावीस बायका आणि मुली, आणि त्यांच्या पुढं एक पन्नाशीला टेकलेली विधवा, शाळेचं तोंडही न पाहिलेली. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, प्रवासात कळलं.

२०१८ च्या मे महिन्यात आमच्या मंडळाची सहल बद्रीनाथला गेली होती. परतीच्या वाटेवर जोशीमठला एक दिवस जास्तीचा मिळाला. सकाळी आम्ही रोपवेनं औलीला गेलो आणि समोर नंदादेवीचं शिखर दिसलं. ७,८१६ मीटर उंच! संपूर्ण भारताच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत उंच शिखर. आमच्या गाडीचा चालक तिथलाच. त्यानं शिखराकडे पाहून हात जोडले. गढवाल आणि कुमाऊंच्या लोकांना नंदा ही घरची मुलगी वाटते. तिचं सासर कैलासावर, महादेवाकडे. साधारण दर बारा वर्षांनी तिला सासरी पोचवायची मोठी यात्रा निघते, नंदा राजजात. चार शिंगांचा मेंढा पुढं चालतो आणि गावोगावच्या बायका नंदेला निरोप देताना अगदी पोटच्या लेकीला द्यावा तशा रडतात. हे ऐकलं आणि आमच्या बसमधल्या निम्म्या बायकांचे डोळे भरून आले. माहेर आणि सासर या दोन शब्दांना भाषा आडवी येत नाही.

दुपारी चालक म्हणाला की मलारीच्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरवर रैणी गाव आहे, चिपकोवाल्या गौरादेवीचं. आम्ही तपोवनचे गरम पाण्याचे झरे बघत तिथं गेलो. धौलीगंगेला ऋषिगंगा जिथं मिळते, त्याच्या वरच्या अंगाला हे गाव. दगडी घरं, उतारावरची लहान लहान शेतं, वर देवदाराचं दाट जंगल. रस्त्याच्या कडेला गौरादेवींचं छोटंसं स्मारक होतं, त्यात त्यांचा पुतळा. डोक्यावर पहाडी बायका बांधतात तसा कपडा, चेहरा अगदी आपल्या एखाद्या मावशीसारखा. पाठीवर गवताचा भारा घेतलेली एक आजी थांबली आणि तिनं हात करून आम्हाला वरचं जंगल दाखवलं. तेच ते जंगल.

गौरादेवींचा जन्म १९२५ चा. रैणीच्या जवळच लाता नावाचं गाव आहे, तिथला. लातामध्ये नंदादेवीचं जुनं देऊळ आहे. तोलछा भोटिया समाजातलं हे घर. नीती खोऱ्यातले भोटिया लोक मेंढ्या पाळायचे, लोकर कातायचे, विणायचे आणि उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करायचे. मुलींना शाळा नव्हती. पण कुठल्या उतारावर कुठलं गवत येतं, कुठली मुळी तापावर चालते, कुठल्या झाडाखाली पाणी मुरतं, हे शिक्षण रोजचं होतं.

बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती रैणीला आली. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात अडीच वर्षांचा मुलगा, घरात म्हातारे सासू-सासरे. पहाडातली बाई सगळं करते. पाणी आणते, लाकडं आणते, गवताचे भारे आणते, पेरते, निंदते, कापते. फक्त नांगर धरायची तिला परवानगी नाही. तशी रीतच होती. त्यामुळे गौरादेवींना स्वतःचं शेत नांगरण्यासाठी दुसऱ्यांच्या दारात जाऊन विनवण्या कराव्या लागत. कुणी आज येतो म्हणे, कुणी उद्या. ज्यांनी एकटीनं घर चालवलं आहे, त्यांना या आज-उद्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्यांनी मुलाला वाढवलं, सासऱ्यांच्या पश्चात लोकरीचा व्यवहारही सांभाळला. मग १९६२ साली चीनशी युद्ध झालं आणि तिबेटची वाट बंद झाली. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला व्यापार एका वर्षात संपला. आता हातात उरलं ते थोडं शेत, थोड्या मेंढ्या आणि जंगल. सरपण, चारा, गोठ्यात अंथरायचा पाला, शेताला खत, घराला लाकूड, दुखण्याला औषध, सगळं जंगलातून. एकटी बाई अडली तर तिला जंगल नाही म्हणत नसे. पुढं त्यांनी जंगलाला माहेर म्हटलं ते उगाच नव्हे.

युद्धानंतर सीमेकडे रस्ते झाले. लष्करासाठी ते गरजेचे होते. पण रस्त्यांमागून जंगलाचे ठेकेदारही आले. डोंगर फोडून रस्ते आणि रस्त्यावरून लाकडाचे ट्रक. उतारावरची झाडं गेली की पावसाचं पाणी अडत नाही, माती घेऊन सरळ नदीत उतरतं. १९७० च्या जुलैमध्ये अलकनंदेला महापूर आला. बेलाकुची नावाची वस्ती वाहून गेली, पूल गेले, बसगाड्या गेल्या. गाळ इतका की खाली हरिद्वारजवळचा कालवा तुंबला. वरच्या गावातल्या बायकांना हा पूर कशानं आला हे सांगायला कुठली समिती लागली नाही. ज्या उतारावरची झाडं गेली होती, तिथंच दरड कोसळत होती, हे त्या रोज येता-जाता बघत होत्या.

गोपेश्वरला चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी दशोली ग्राम स्वराज्य संघ चालवत. गावातल्या लोकांना गावातच काम मिळावं म्हणून त्यांचा लाकडी अवजारांचा कारखाना होता. १९७३ मध्ये त्यांनी शेतीच्या अवजारांसाठी अंगूची थोडी झाडं मागितली. अंगूचं लाकूड हलकं आणि चिवट, बैलाच्या मानेला जड होत नाही. ती मिळाली नाहीत. पण तीच झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीला देण्यात आली. लोक चिडले. झाड तोडायला आलात तर आम्ही झाडाला चिकटून उभे राहू, असं ठरलं. चिपको हा शब्द असा आला. मंडल गावाजवळून त्या वेळी कंपनीच्या माणसांना परत जावं लागलं.

गौरादेवी १९७२ च्या सुमारास रैणीच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. महिला मंगल दल म्हणजे आपलं महिला मंडळच म्हणा ना. त्यांच्याकडे हळदी-कुंकू आणि पाककृती नव्हत्या, तर गावाची स्वच्छता, भांडणं मिटवणं, जंगलावर लक्ष ठेवणं ही कामं होती. १९७४ च्या सुरुवातीला रैणीजवळच्या जंगलातल्या सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. चंडीप्रसाद भट्ट गावात येऊन गेले, गोविंदसिंह रावत या स्थानिक कार्यकर्त्यानंही गावोगाव सभा घेतल्या. बायका मागं बसून ऐकत होत्या. बायका ऐकतात आणि विसरतात, असा समज असणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

२६ मार्च १९७४. युद्धानंतर लष्करासाठी ज्या जमिनी घेतल्या होत्या, त्यांची भरपाई कित्येक वर्षं अडकली होती. ती घेण्यासाठी रैणी आणि आसपासच्या गावांतल्या पुरुषांना नेमकं त्या दिवशी चमोलीला बोलावलं गेलं. पैसे मिळणार म्हटल्यावर कोण थांबणार! सगळे गेले. त्याच वेळी गोपेश्वरच्या कार्यकर्त्यांनाही जंगल खात्याच्या अधिकाऱ्यांशी बोलणी करण्यात गुंतवून ठेवलेलं होतं. म्हणजे मैदान मोकळं. बसच्या खिडक्यांचे पडदे ओढून ठेकेदाराचे मजूर जोशीमठहून निघाले, गावाच्या अलीकडेच उतरले आणि गावातून न जाता ऋषिगंगेच्या काठाकाठानं जंगलाकडे चालू लागले.

सगळा विचार करून आखलेला डाव होता. फक्त गावात बायका आहेत, याचा विचार कुणी केला नव्हता.

एका लहान मुलीनं ती माणसं पाहिली आणि ती धावत गौरादेवींकडे आली. बायका आपापल्या कामांत होत्या. गौरादेवींनी घरोघर हाका मारल्या. कामं टाकून ज्या निघाल्या त्या सत्तावीस जणी. त्यात म्हाताऱ्या होत्या, सुना होत्या, परकऱ्या वयाच्या मुलीही होत्या. इथं मी नेहमी थांबते. कुणीतरी गेलं असेल, असा विचार त्यांनाही करता आला असता. पुरुष येऊ देत, मग बघू, असंही म्हणता आलं असतं. कुणाला दोष देता आला नसता. पण संध्याकाळपर्यंत झाडं उरली नसती.

त्या जंगलात पोचल्या तेव्हा मजुरांचा स्वयंपाक चालला होता. कुऱ्हाडी, करवती बाजूला होत्या. गौरादेवींनी आधी भांडण केलं नाही. त्यांनी मजुरांना समजावलं की हे जंगल आमचं माहेर आहे, त्यातून आम्हाला चारा, सरपण, औषध मिळतं, ते तोडलंत तर डोंगर आमच्या घरावर येईल. जेवण करा आणि आमच्याबरोबर गावात चला, आमची माणसं आली की काय ते ठरवू, असंही सांगितलं. मजूर बिचारे पोटासाठी आलेले. त्यांच्यातले काही विचारात पडले. पण ठेकेदाराची आणि जंगल खात्याची काही माणसं प्यालेली होती. त्यांनी शिव्या दिल्या, सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल अटकेची भीती घातली. एकानं बंदूक उगारली. तेव्हा गौरादेवी पुढं झाल्या, छातीवरचं वस्त्र बाजूला केलं आणि त्याला सांगितलं की आधी मला गोळी घाल, मग माझं माहेर तोड.

विचार करा, एका विधवा बाईनं सगळ्यांसमोर असं उभं राहायचं! लोक काय म्हणतील, हा आपला रोजचा धाक त्या क्षणी त्यांच्या मनातून गेलेला असणार. बंदूक खाली गेली.

मजूर परत फिरले. जंगलाच्या वाटेवर एका ठिकाणी दरडीनं रस्ता तुटला होता, तिथं सिमेंटचा तुकडा टाकून पलीकडे जायची सोय केलेली होती. बायकांनी तो तुकडाच उखडून टाकला, म्हणजे वाटच बंद. मग रात्रभर त्या थंडीत पहारा देत बसल्या. चिपको म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडाला मिठी मारलेल्या बायकांचं चित्र येतं. पण त्या दिवशीची खरी कामगिरी ही होती. वेळेवर जाणं, बोलणं, उभं राहणं आणि वाट तोडणं.

दुसऱ्या दिवशी पुरुष परतले, कार्यकर्ते आले, सगळ्यांनी हकीकत विचारली. असं सांगतात, की दारू पिऊन शिवीगाळ करणाऱ्यांबद्दल आणि बंदुकीबद्दल बायकांनी लगेच तोंड उघडलं नाही. का, तर त्या माणसाची नोकरी जाईल आणि त्याची बायको-पोरं उघड्यावर येतील. मला गौरादेवींच्या बंदुकीपुढं उभं राहण्याइतकंच हे मोठं वाटतं. लढाई झाडं वाचवण्यासाठी होती, कुणाला बुडवण्यासाठी नव्हती.

पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांतले लोक पाळीपाळीनं पहाऱ्याला येऊ लागले. बातमी लखनौला पोचली. मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांनी दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दोनेक वर्षांनी समितीनं तेच सांगितलं जे बायका सांगत होत्या, की हा उतार नाजूक आहे, इथली झाडं तोडली तर पूर आणि दरडी वाढतील. ऋषिगंगेच्या आणि अलकनंदेच्या वरच्या पाणलोटात सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर दहा वर्षं तोड बंद झाली. पुढं इंदिरा गांधींच्या काळात, १९८० च्या सुमारास, त्या डोंगराळ भागात १,००० मीटरच्या वरच्या हिरव्या झाडांची तोड पंधरा वर्षांसाठी थांबवण्यात आली. घरोघर मारलेली हाक कुठपर्यंत गेली बघा.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. आपण टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिच्या पुढचा भाग मला जास्त विचार करायला लावतो.

रैणीच्या वर ऋषिगंगेची अरुंद घळ आहे आणि तिच्या पलीकडे नंदादेवीभोवतीचं, डोंगरांच्या कड्यानं वेढलेलं खोरं. १९३४ पर्यंत तिथं बाहेरचा माणूस पोचला नव्हता. त्या वर्षी शिप्टन आणि टिलमन हे दोघं गिर्यारोहक घळीतून वाट काढत आत गेले, १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल शिखरावर पोचले. १९७४ मध्ये हे खोरं परदेशी मोहिमांसाठी खुलं झालं आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत तिथं माणसांची रीघ लागली. तंबूंसाठी आणि चुलींसाठी भूर्ज आणि जुनिपर तोडले गेले, डबे-बाटल्यांचे ढीग झाले, कस्तुरीमृगांची शिकार झाली. म्हणून १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, सुमारे ६३० चौरस किलोमीटरचं, आणि १९८३ पासून आत जायला बंदी आली. १९८८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. १९९३ मध्ये लष्कराच्या मोहिमेनं आतला कचरा वेचून खाली आणला, तेव्हा गवत, फुलं, जनावरं परत आलेली दिसली. जंगलाला विसावा मिळाला, हे खरं.

पण त्या बंदीत लाता आणि रैणीचे लोकही बाहेर राहिले. उन्हाळ्यात मेंढ्या न्यायची वरची कुरणं बंद. मोहिमांबरोबर हमाली आणि वाटाडेपणा करून मिळणारे पैसे बंद. औषधी मुळ्या आणणं बंद. ज्यांनी बंदुकीपुढं उभं राहून हे जंगल राखलं, त्यांनाच माहेराच्या उंबऱ्यावर परवानगी मागायची वेळ आली. कचरा केला परदेशी आणि देशी पाहुण्यांनी, दार मात्र लेकींना बंद! गौरादेवी हे सगळं बघत होत्या. १९८६ मध्ये रैणीच्या बायकांबरोबर त्यांना वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. गावातलं जगणं मात्र सोपं झालं नाही. ४ जुलै १९९१ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, त्या गेल्या.

त्यांच्यानंतर १९९८ मध्ये लाताचे लोक बंदी मोडून उद्यानात शिरले. २००१ मध्ये लातामध्ये गावकऱ्यांनी एकत्र बसून ठराव केला, की आम्ही आमचं जंगल आणि संस्कृती राखू, पाहुणे आले तर ते आमच्या अटींवर येतील, बायकांना यात बरोबरीचा वाटा असेल आणि कचरा डोंगरात राहणार नाही. २००३ पासून उद्यानाचा एक लहानसा भाग ठरावीक संख्येतल्या पाहुण्यांसाठी उघडला, परवाना काढून आणि गावातला वाटाड्या घेऊन. जंगल राखायचं म्हणजे माणसांना हाकलायचं, असं नाही. कुणाला आत घ्यायचं आणि किती, हे राखणाऱ्यांशी बोलून ठरवायचं, एवढंच. आम्ही त्या सहलीत आत गेलो नाही, तेवढा वेळही नव्हता आणि गुडघेही नव्हते. पण औलीला आमच्याच बसमधून वेफर्सची रिकामी पाकिटं वाऱ्यावर उडाली होती, ती रैणीच्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर मला आठवली. परतीच्या प्रवासात मी बसमध्ये एक पोतं बांधलं. कुणी हसलं, कुणी त्यात टाकलं.

मग ७ फेब्रुवारी २०२१ चा रविवार. सकाळी टीव्ही लावला आणि रैणीचं नाव ऐकलं. वरच्या रोंती शिखराचा खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला होता आणि चिखल-दगडांचा लोंढा ऋषिगंगेतून खाली आला होता. आम्ही २०१८ मध्ये गेलो तेव्हा जिथं नदीवर वीज प्रकल्पाचं बांधकाम दिसलं होतं, तो १३.२ मेगावॉटचा प्रकल्प वाहून गेला. खाली तपोवनच्या ५२० मेगावॉटच्या प्रकल्पाच्या बोगद्यात मजूर अडकले. दोनशेहून जास्त माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. रैणीच्या लोकांनी नदीकाठच्या सुरुंगांविरुद्ध २०१९ मध्येच उच्च न्यायालयात दाद मागितली होती. कडा कोसळला तो फार वरून, त्याला झाडं अडवू शकली नसती, हे मलाही कळतं. पण अशा घळीत किती आणि काय बांधायचं, हे तरी माणसाच्या हातात होतं.

पूर आला त्या रात्री गावातले लोक घरात झोपायला घाबरले आणि वर जंगलात जाऊन राहिले. हे वाचलं आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी वाचवलेलं जंगल! अडीअडचणीला माणूस माहेरीच जातो.

त्याच वर्षी जूनमध्ये पावसानं रैणीखालची जमीन आणि रस्ता खचला. नवा रस्ता काढण्यासाठी गौरादेवींचा पुतळा तिथून हलवून जोशीमठला नेला. तेव्हा गावच्या बायका रडल्या. लेकीला निरोप देताना रडतात तशा रडल्या असणार. आम्हाला जंगल दाखवणारी ती आजी त्यांच्यात होती की नाही, कोण जाणे.

आता आमच्या गावचं सांगते. सहापैकी दोन वड अजून उभे आहेत. मागच्या महिन्यात भाजी घेऊन येताना त्यांच्या खोडावर लाल रंगानं आकडे घातलेले दिसले. या वेळी मी घरी जाऊन पोळ्यांना लागले नाही. आपल्याकडे शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. नगरपरिषदेला झाड तोडण्याआधी नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. हरकत साध्या कागदावर, साध्या मराठीत लिहिता येते. त्याला वकील लागत नाही. आम्हाला हे चार झाडं गेल्यावर कळलं. तुम्ही आधीच माहीत करून घ्या.

मंडळाच्या बायकांना गोळा करायला निघाले तेव्हा कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाच्या मुलाची परीक्षा होती, कुणाच्या यजमानांना हे पसंत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या यजमानांनाही नव्हतं. रस्ता नको का आपल्याला, असं त्यांचं म्हणणं. रस्ता हवाच आहे. तो दोन हात वळवून नेता येतो, एवढंच आमचं म्हणणं. आतापर्यंत एकोणीस जणींच्या सह्या झाल्या आहेत. सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. काय होईल ते सांगता येत नाही.

शेजारच्या वहिनींनी मला विचारलं की आपण किती जणी जाणार. मी रैणीचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, मग अजून आठ हव्यात. आणि पदर खोचून त्या पलीकडच्या गल्लीत गेल्या.